ठाण्याच्या सागाकडून जुन्या पावसाचा हिशेब कसा घ्यावा

ठाणे परिसरात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. त्यानंतर जमीन हळूहळू कोरडी होत जाते, उन्हाळा लागेपर्यंत येऊरच्या डोंगरावरचा साग निष्पर्ण होतो आणि सालीखालचा वाढीचा थर, म्हणजे ऊतककर, आपले काम थांबवतो. उष्ण कटिबंधात कडक हिवाळा नसल्यामुळे तेथील झाडांत वार्षिक वलये तयार होत नाहीत, असा एक जुना समज आहे. वाढ थांबायला थंडीच हवी असे मात्र नाही, दीर्घ कोरडा काळही ते काम करतो. पानगळ होणाऱ्या आपल्याकडच्या काही वृक्षांत म्हणूनच दर पावसाळ्याचे एक वलय उमटते आणि त्यावरून हवामानखात्याच्या नोंदींपूर्वीच्या काळाचाही काही अंदाज बांधता येतो.

या पद्धतीला उष्ण कटिबंधात मोठा इतिहास आहे. जावा बेटावरील सागाच्या वलयांची १५१४ ते १९२९ या काळाची मालिका बेर्लागे यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आपल्याकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी १९८३ मध्ये ठाणे परिसरातीलच सागाच्या वलयांचा प्रादेशिक हवामानाच्या अंगाने अभ्यास मांडला. पुढे बोरगावकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळमधील सागापासून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका तयार केली आणि कमी वाढीच्या अनेक वर्षांचा संबंध एल निनोशी निगडित दुष्काळांशी दाखवून दिला. ठाणे किंवा नवी मुंबईतील एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या गटाला हे काम लहान प्रमाणावर, पण काटेकोरपणे, कसे करता येईल, ते पुढे सांगितले आहे.

आधी प्रश्न ठरवावा

रुंद वलय म्हणजे भरपूर पाऊस आणि अरुंद वलय म्हणजे दुष्काळ, हे समीकरण कोरड्या प्रदेशांत बऱ्याच अंशी चालते, कारण तिथे झाडाला सर्वांत जास्त उणीव पाण्याचीच असते. ठाण्यात ते जसेच्या तसे वापरू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्यातले बहुतेक पाणी उतारावरून वाहून नाले, खाडी आणि समुद्राला मिळाले. झाडाला उपयोग होतो तो मुळांभोवतीच्या मातीत टिकून राहिलेल्या पाण्याचाच, आणि जुलैत आधीच भिजून तुडुंब झालेल्या जमिनीत वरून आणखी अर्धा मीटर पाऊस पडला तरी त्याच्या वाढीत भर पडेलच असे नाही.

त्यामुळे इथल्या वलयाला ‘एकूण पाऊस किती झाला’ असे विचारण्यापेक्षा ‘पाऊस केव्हा आला, मध्ये किती काळ खंड पडला आणि जमिनीतला ओलावा केव्हापर्यंत टिकला’ असे विचारणे अधिक सयुक्तिक आहे, असे माझे ठाम मत आहे. झाडाची निवड, जागेची निवड आणि शेवटची आकडेमोड या तिन्ही गोष्टी या एका प्रश्नावर अवलंबून आहेत.

कोणते झाड घ्यावे

सुरुवात सागापासूनच करावी. सागाच्या लाकडात वलयाच्या प्रारंभी मोठ्या वाहिन्यांची, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या छिद्रांची, एक रांग असते आणि तिच्याभोवती फिकट मृदूतकाचा, म्हणजे पातळ भिंतींच्या मऊ पेशींचा, पट्टा असतो. हंगाम पुढे सरकतो तशा वाहिन्या लहान आणि विरळ होत जातात, आणि पुढच्या वर्षीची मोठ्या छिद्रांची रांग अचानक सुरू होते. हा अचानकपणा हीच वलयाच्या सीमेची मुख्य खूण आहे. तूण आणि बकाणनीम यांच्याही लाकडात वलये स्पष्ट असतात. आंबा, वड आणि पिंपळ मात्र या कामासाठी टाळावेत. वडाच्या लाकडात दिसणारे एकाआड एक पट्टे मोहात पाडतात, पण ते मृदूतकाचे पट्टे असून वर्षाला एक या हिशेबाने तयार होत नाहीत.

खाडीकाठच्या तिवराबद्दल वेगळे सांगितले पाहिजे, कारण ठाणे खाडीलगत राहणाऱ्या माणसाच्या हाती ते लाकूड सहज लागते. तिवराच्या आडव्या कापावर इतकी रेखीव वलये दिसतात की ती मोजण्याचा मोह कोणालाही व्हावा. प्रत्यक्षात तिवराच्या खोडात एकामागून एक नवे ऊतककर तयार होत जातात आणि प्रत्येकामुळे एक पट्टा उमटतो. एका वर्षात असे एकाहून अधिक पट्टे येऊ शकतात. त्यामुळे पट्टे मोजून तिवराचे वय ठरवू नये. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा त्यासाठी झाड तोडण्याचा तर प्रश्नच येत नाही.

जागा आणि परवानगी

एकाच टेकडीवरच्या दोन सागांचे लाकूड अगदी वेगवेगळी हकीकत सांगू शकते. ओढ्याकाठी खोल मातीत वाढलेल्या झाडाला खंडाच्या काळातही ओल मिळते, त्यामुळे त्याची वलये वर्षानुवर्षे जवळपास सारख्याच रुंदीची राहतात आणि हवामानाच्या दृष्टीने ती मुकी ठरतात. उलट कातळावर वीतभर मुरमाड माती असलेल्या उतारावरच्या झाडाजवळ पाण्याचा साठा जवळजवळ नसतोच, पंधरा-वीस दिवसांची उघडीप पडली की त्याची वाढ लगेच मंदावते. आपल्याला हवे असते ते हे दुसरे झाड, मग ते दिसायला कितीही खुरटे असो. भरघोस, सरळसोट, देखणा साग निवडण्याची नवशिक्यांची ओढ इथे आवरावी लागते.

ठाणे जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याकरिता ऐन, किंजळ यांसारख्या झाडांच्या फांद्या छाटण्याची पद्धत कोकणात पूर्वापार आहे. फांद्या छाटलेल्या झाडाची पाने कमी होतात आणि पुढची काही वर्षे त्याची वलये अरुंद राहतात, मग पाऊस कितीही चांगला असो. खोडावर जुन्या तोडीच्या गाठी दिसत असतील, वणव्याने बुंधा एका बाजूला जळालेला असेल किंवा एकाच खुंटातून दोन-तीन खोडे फुटलेली असतील, तर ते झाड सोडून द्यावे. वनखात्याच्या लागवडीत विरळणी केली की उरलेल्या सगळ्याच झाडांना एकदम उजेड आणि जागा मिळते आणि सगळ्यांची वलये एकाच वेळी रुंदावतात. हा परिणाम चांगल्या पावसाच्या परिणामासारखाच दिसतो. म्हणून त्या विभागाच्या कार्य आयोजनेतून, म्हणजे वनव्यवस्थापनाच्या आराखड्यातून, लागवडीचे आणि विरळणीचे वर्ष आधीच मिळवावे.

परवानगीशिवाय कोणत्याही उभ्या झाडाला हत्यार लावू नये. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो आणि नमुने घेण्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते. महापालिका हद्दीतील झाडांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे आणि त्याखाली वृक्ष प्राधिकरण निर्णय घेते. शिकण्याच्या टप्प्यावर तर उभ्या झाडाची गरजच नसते. पावसाळ्यात उन्मळून पडलेल्या झाडांच्या ओंडक्यांतून, वनखात्याच्या लाकूड आगारातून किंवा एखाद्या सॉ मिलमधून दोन-तीन इंच जाडीच्या चकत्या मिळवाव्यात. मात्र झाड नेमके कुठले आणि केव्हा तोडले किंवा पडले, हे कळले नाही तर ती चकती केवळ हात बसवण्यापुरतीच कामाची आहे.

नमुना घेणे आणि तयार करणे

परवानगी मिळाली, तर जिवंत झाडातून नमुना घेण्यासाठी इन्क्रिमेंट बोरर हे पोकळ गिरमिट वापरतात. त्यातून सुमारे पाच मिलिमीटर व्यासाची लाकडाची कांडी बाहेर येते. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे आपल्याकडे झाडाचा घेर मोजतात त्याच उंचीवर, प्रत्येक झाडाच्या दोन वेगळ्या बाजूंनी एकेक कांडी घ्यावी. उतारावर वाढलेल्या झाडात चढाची आणि उताराची बाजू टाळून उताराला आडव्या बाजूंनी भोक पाडावे, कारण तोल सांभाळताना झाड एका बाजूला जास्त लाकूड तयार करते. सागाच्या लाकडात सिलिका असते आणि तिने धार लवकर बोथट होते. बोथट गिरमिटाने कांडी पिळवटते व तुटते, म्हणून धार लावण्याचे साहित्य सोबत असावे. एका जागेवरून पंधरा ते वीस झाडे मिळाली तर काम भक्कम होते.

कांडी कागदी नळीत ठेवून नळीवर झाडाचा क्रमांक, बाजू, जागेचे अक्षांश-रेखांश आणि तारीख पेन्सिलीने लिहावी. आपल्या हवेत प्लॅस्टिकच्या बंद नळीत दोन दिवसांत बुरशी धरते. नमुने सावलीत, वाऱ्यावर वाळवावेत. उन्हात ठेवल्यास चकतीला गाभ्यापासून सालीपर्यंत तडा जातो आणि तडा जिथून जातो तिथल्या वलयांची रुंदी विश्वसनीय राहत नाही.

वाळलेली कांडी खाच पाडलेल्या लाकडी पट्टीवर सरसाने चिकटवावी. चिकटवताना लाकडाचे तंतू उभे राहतील, म्हणजे आडवा काप वर येईल, याची खात्री करावी. कांडी फिरलेली असेल तर पुढचे सगळे श्रम व्यर्थ जातात. त्यानंतर पॉलिश पेपरने घासावे. आधी ८० किंवा १२० क्रमांकाचा, मग २२०, ३२०, ४०० आणि शेवटी ६०० क्रमांकाचा कागद घ्यावा, आणि आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद हाती घेऊ नये. घासून झाल्यावर पांढऱ्या खडूची पूड बोटाने पृष्ठभागावर चोळून पुसून टाकली, तर ती वाहिन्यांच्या छिद्रांत बसते आणि सागाच्या वलयाची सुरुवात पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळीसारखी उठून दिसते.

मोजणी म्हणजे कालनिश्चिती नव्हे

सालीकडून आत मोजत जावे. मार्चमध्ये तोडलेल्या झाडात सालीला लागून असलेले वलय आदल्या वर्षाचे असते. जुलैत पडलेल्या झाडात बाहेरचे वलय त्याच वर्षाचे पण अपुरे असते, त्याची रुंदी आकडेमोडीत धरू नये. दर दहाव्या वर्षाला सुईने एक टोचा, पन्नासाव्याला दोन आणि शंभराव्याला तीन, ही खूण करण्याची रीत जगभर रूढ आहे आणि ती पाळावी.

इथवर झालेली मोजणी हा केवळ कच्चा अंदाज असतो, आणि उष्ण कटिबंधातील कामाचा खरा कस यापुढेच लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये पावसात मोठा खंड पडला, किंवा पाने खाणाऱ्या अळ्यांनी भर पावसाळ्यात साग उघडा केला, की वाढ मध्येच मंदावते आणि पुन्हा सुरू होते. त्यामुळे एकाच वर्षात वलयासारखा दिसणारा दुसरा पट्टा तयार होतो. याला खोटे वलय म्हणतात. खऱ्या सीमेवर लहान वाहिन्यांकडून मोठ्या वाहिन्यांकडे होणारा बदल एकदम होतो आणि ती सीमा चकतीभर सलग फिरते. खोट्या वलयात बदल दोन्ही बाजूंनी सावकाश होतो आणि पट्टा बऱ्याचदा मध्येच विरून जातो. उलट फार वाईट वर्षी खोडाच्या काही भागात वलय तयारच होत नाही. चकतीवर अशी पाचरीसारखी निमुळती होत जाणारी वलये दिसतात, कांडीत ती दिसत नाहीत. चकती मिळत असेल तर ती कांडीपेक्षा श्रेयस्कर, ती याच कारणाने.

यावर उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे अनेक झाडांतील रुंद-अरुंद वलयांचा क्रम एकमेकांशी जुळवून पाहणे. संशोधक याला क्रॉसडेटिंग म्हणतात. आलेखाच्या कागदाच्या लांब पट्टीवर एक घर म्हणजे एक वर्ष धरावे आणि शेजारच्या वलयांच्या मानाने जे वलय ठळकपणे अरुंद असेल त्या घरात उभी रेघ काढावी. वलय जितके अरुंद तितकी रेघ उंच. प्रत्येक नमुन्याची अशी पट्टी करून त्या एकाखाली एक सरकवत पाहाव्यात. बहुतेक पट्ट्यांत उंच रेघा एका ओळीत येत असतील आणि एखादीच पट्टी एका जागेपासून पुढे एका वर्षाने सरकलेली दिसत असेल, तर त्या जागी खोटे किंवा हरवलेले वलय आहे असे समजून लाकूड पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे. लाकडात पुरावा दिसल्याखेरीज केवळ जुळणी व्हावी म्हणून वर्ष घालू किंवा काढू नये. हा नियम सैल केला की पुढच्या संख्याशास्त्राला काही अर्थ उरत नाही. २००२ च्या जुलैत देशभरात सरासरीच्या निम्म्याच्या आसपास पाऊस झाला होता. अशी वर्षे खुणेची वर्षे ठरू शकतात, पण ती आपल्या नमुन्यांत स्वतंत्रपणे सापडली पाहिजेत, आधी ठरवून शोधलेली नसावीत.

पट्ट्यांची जुळणी झाल्यावर चकती किंवा कांडी किमान १२०० डीपीआयवर स्कॅन करून वलयांची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजावी आणि कोफेचा या संगणक प्रणालीने तपासावी. ही प्रणाली साधारणपणे पन्नास वर्षांचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा उरलेल्या झाडांच्या सरासरीशी सहसंबंध काढते आणि जिथे तो कमी येतो तो तुकडा दाखवते. दाखवलेला तुकडा चुकलेलाच असतो असे नाही, तो पुन्हा पाहायचा असतो.

वलये खरोखर वार्षिकच आहेत याची स्वतंत्र खात्री करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे लागवडीचे वर्ष ठाऊक असलेला साग घेऊन त्याची वलये मोजणे. दुसरा मार्ग म्हणजे खोडाभोवती स्प्रिंग लावलेली पोलादी पट्टी बसवून दर पंधरवड्याला घेर नोंदवणे. जूनच्या पहिल्या सरींनंतर घेर झपाट्याने वाढलेला दिसतो, पण त्यातला मोठा भाग कोरडी साल पाणी पिऊन फुगण्याचा असतो, ती लाकडाची वाढ धरू नये. प्रयोगशाळेची मदत मिळाली तर किरणोत्सारी कार्बनचाही आधार घेता येतो. अणुचाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण १९६० च्या दशकाच्या मध्यास शिगेला पोहोचले होते आणि त्या काळातील वलयांत ते तसेच सापडले पाहिजे.

रुंदीपासून पावसापर्यंत

झाड कोवळे असताना त्याची वलये रुंद असतात आणि वयानुसार ती अरुंद होत जातात. या उताराचा पावसाशी संबंध नसतो. म्हणून प्रत्येक मालिकेला एक गुळगुळीत वक्ररेषा बसवून प्रत्यक्ष रुंदीला त्या रेषेवरील अपेक्षित रुंदीने भागतात. येणारा निर्देशांक १ च्या आसपास फिरतो. आर्स्टन ही प्रणाली किंवा आर या संगणकीय भाषेतील डीपीएलआर हा संच यासाठी विनामूल्य मिळतो. वक्ररेषा फार लवचीक ठेवली तर दशकांच्या कालावधीतले हवामानबदलही तिच्याबरोबर पुसले जातात, आणि फार ताठ ठेवली तर विरळणी व तोड यांचे परिणाम शिल्लक राहतात. ठाण्यातील लागवडीच्या सागासाठी लहान कालावधीचेच निष्कर्ष काढावेत, कारण शतकभराचा कल सांगण्याइतके वय आणि स्थैर्य त्या झाडांना सहसा नसते.

सर्व झाडांची सरासरी काढल्यावर तिची तुलना पावसाशी करावी. भारतीय हवामान विभागाची १९०१ पासूनची, अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटींनुसार मांडलेली दैनंदिन पर्जन्यमानाची आकडेवारी यासाठी सोयीची आहे. कुलाब्याची नोंद त्याहून जुनी आहे, पण समुद्रकाठचा पाऊस आणि डोंगरालगतचा पाऊस यांत फरक असतो, याचे भान ठेवावे. केवळ वार्षिक एकूण पाऊस घेऊन थांबू नये. मे आणि जूनचा पाऊस, जुलै-ऑगस्टमधील कोरड्या दिवसांची संख्या, सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस, उन्हाळ्याचे कमाल तापमान आणि आदल्या वर्षाचा परतीचा पाऊस असे घटक वेगवेगळे तपासावेत. मात्र वीस घटक तपासले तर त्यांतला एखादा निव्वळ योगायोगानेही जुळतो, म्हणून कोणते घटक तपासायचे ते आधीच लिहून ठेवावे.

एखादा संबंध बळकट दिसला, तर उपलब्ध वर्षांचे दोन भाग करावेत. एका भागावरून समीकरण बसवावे आणि दुसऱ्या भागातील पाऊस त्याने किती अचूक सांगता येतो ते पाहावे, मग भाग उलटे करून पुन्हा पाहावे. दोन्हीकडे ते टिकले तरच नोंदींपूर्वीच्या वर्षांबद्दल बोलावे. झाडांच्या एकमुखीपणाचा एक निर्देशांक काढतात आणि तो ०.८५ च्या वर असावा असा संकेत आहे. जुन्या काळाकडे जाताना झाडांची संख्या घटते आणि हा आकडा ज्या वर्षी त्याखाली येतो, तिथे मालिका थांबवावी, मग एखादे झाड त्याहून पन्नास वर्षे जुने का असेना.

रुंदीचा संबंध क्षीण आला म्हणून निराश होऊ नये. कोकणासारख्या ओल्या भागात लाकडातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण रुंदीपेक्षा अधिक बोलके ठरू शकते. जोरदार पावसाच्या पाण्यात ऑक्सिजन-१८ चे, म्हणजे जड ऑक्सिजनचे, प्रमाण सहसा कमी असते आणि ते पाणी झाडाने शोषल्यावर ती खूण सेल्युलोजमध्ये उतरते. सागाच्या एकाच वलयाचे पातळ काप घेऊन पावसाळ्यातील खंडही ओळखता येतो, असे भारतीय संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले आहे. हे काम वस्तुमान वर्णपटमापकाशिवाय, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटरशिवाय, होत नाही. म्हणून नीट कालनिश्चिती केलेले नमुने घेऊन पुण्याच्या किंवा अहमदाबादच्या संशोधन संस्थांशी संपर्क साधावा.

जुन्या घरांच्या तुळया पाहिल्या की मालिका मागे नेण्याची उमेद वाटते आणि ती रास्तही आहे. पण मुंबईच्या बंदरांत ब्रह्मदेशाचा आणि मलबारचा साग मोठ्या प्रमाणावर येत असे, त्यामुळे ठाण्यातल्या वाड्याची तुळई ठाण्याच्या जंगलातली असेलच असे नाही. शिवाय सुताराने बाहेरचे पांढरे लाकूड तासून टाकलेले असल्यामुळे शेवटचे वर्ष हाती लागत नाही. अशा तुळईची मालिका जिवंत झाडांच्या मालिकेशी किमान पन्नास वर्षे स्पष्टपणे जुळली, तरच तिला वर्षे द्यावीत. न जुळल्यास ती ‘वर्ष अनिश्चित’ अशी चिठ्ठी लावून जपून ठेवावी. वाडा पाडला जात असताना तुळईच्या टोकाचा काप मागून घेणे सोपे असते, आणि मालिका जसजशी लांबेल तसतसा तोच काप पुन्हा तपासता येतो.